टाकीतली काठी आणि कालची खूण

मित्रांनो, मी एक जुनी मोजकाठी आहे. नऊ फूट लांब, अंगाने सडपातळ, आणि रंग मुळात कोणता होता ते मलाही आता आठवत नाही. गावच्या सभागृहात दाराशी मी उभी असते. बर्फातले बूट काढताना तुम्ही माझाच आधार घेता आणि वर नाक मुरडता, "ई, या काठीला माशांचा वास येतो!" येतो, बाबांनो. पण तो माशांचा नाही. तो कसला हे सांगायचं तर मला माझं सगळं आयुष्यच सांगावं लागेल, आणि त्यातला एक भाग मान खाली घालून सांगावा लागेल. काठीला मान नसते, एवढीच काय ती माझी सोय.

माझा जन्म इथलाच, कॅनडातल्या सस्कॅचवानच्या सपाट मुलखातला. ज्या लाकडाच्या हॉकीच्या काठ्या होतात, त्या अ‍ॅशच्या लाकडाची मी. ऑरेस्ट ह्रिन्चुक नावाच्या माणसाने मला स्वतःच्या हाताने रंधली, तापल्या सळईने माझ्यावर फुटाफुटाच्या आणि इंचाइंचाच्या खुणा डागल्या. युक्रेनी लोक मामाला वुइको म्हणतात. ऑरेस्टला सगळं गाव वुइको म्हणे, अगदी ज्यांचा तो कोणीच लागत नव्हता तेसुद्धा.

वुइको पोटॅशच्या गिरणीत होता. जमिनीखाली हजारो फुटांवरून लालसर दगड वर येई. त्यात निम्मंअधिक साधं मीठ आणि उरलेलं पोटॅश, म्हणजे शेताचं खत. दोघांचे दाणे सारखेच, गळ्यात गळे घालून बसलेले. त्यांना वेगळं करायचं कसं? तर दगड दळायचा, खारट पाण्यात कालवायचा, त्यात चमचाभर अमाइन घालायचं आणि खालून हवा सोडायची. पोटॅश फेसावर चढून वर येई, मीठ तळाला बसे. बस्स, एवढंच. पण त्या चमचाभर अमाइनवाचून अख्खी गिरणी म्हणजे नुसता चिखल ढवळणं.

हे अमाइन चरबीचं असतं, मित्रांनो. कसाईखान्यातली गाईबैलांची चरबी फोडून तिच्यातलं आम्ल काढतात. त्यात अमोनिया घालून तापवतात, त्यातलं पाणी उडवून लावतात, आणि मग निकेलच्या साक्षीने, दाबाखाली, त्याला हायड्रोजन पाजतात. इतके सोपस्कार झाले की चरबीचं अमाइन होतं. वुइको नव्या माणसाला सांगे, "याला एक डोकं आहे आणि एक लांबलचक शेपूट. डोकं पोटॅशच्या दाण्याला मिठी मारतं. शेपटाला पाण्याचा तिटकारा, ते बुडबुड्याला धरून पळतं. मग काय, दाणाही निघाला वरात घेऊन!" डोकं मिठाला सोडून पोटॅशलाच का धरतं, असं कोणी विचारलं की म्हणे, "ते शिकलेल्यांचं अजून भांडण चाललंय. आपण फेस बघायचा."

हेच अमाइन इथून तिथून सगळीकडे असतं. तुमच्या आईने धुतलेला टॉवेल मऊ लागतो तो याच्याच एका भावंडामुळे. ओल्या खडीला डांबर चिकटतं, तेलाच्या पाइपांना आतून गंज चढत नाही, खताच्या राशीची ढेकळं होत नाहीत, ते सगळं याच्या घराण्याचं काम. पण याची एक खोड आहे. जरा थंडी लागली की ते मेणासारखं थिजतं. म्हणून आमची टाकी वाफेच्या नळ्यांनी सतत ऊबदार ठेवलेली असे, आणि टाकीत किती अमाइन उरलं हे रोज मला बुडवून बघत.

बुडवण्याची रीत ठरलेली. माझ्या शेजारी एक बादली असे, तिच्यात व्हिनेगार घातलेलं पाणी आणि एक फडकं. थिजलेलं अमाइन नुसत्या पाण्याने जन्मात निघत नाही. आंबट लागलं की मात्र ते मुकाट विरघळतं. तर आधी मला त्या फडक्याने वरपासून खालपर्यंत पुसायचं, मग बुडवायचं, मग ओल कुठवर आली ते वाचायचं आणि आकडा फळ्यावर खडूने लिहायचा. कालचा आकडा पुसून आजचा. वही वगैरे काही नव्हती. वुइकोचा शब्द हीच वही.

आणि हे सगळं करायचं फक्त वुइकोने. "माझ्या काठीला कोणी हात लावायचा नाही," असं तो म्हणे आणि कोणी लावतही नसे. मला त्याचा केवढा अभिमान वाटे! आज वाटतं, त्या मेल्या अभिमानानेच घात केला.

इर्मा साबो गिरणीत आली तेव्हा फेसाच्या टाक्यांवर काम करणारी ती पहिलीच बाई. हंगेरियन शेतकऱ्याची मुलगी, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. पहिल्याच दिवशी वुइकोने तिचा हात धरून विचारलं, "हे काय घातलंयस?"

"आजीचं कडं आहे. तांब्याचं. सांधे दुखत नाहीत म्हणे याने."

"काढ आणि घरी ठेव. अमाइनचं आणि तांब्या-पितळेचं हाडवैर. महिनाभरात हिरवं होऊन कुरतडलं जाईल. मग आजी मला शिव्या घालेल."

"आजी वारली, वुइको."

"मग वरून घालेल. काढ."

तो तिला मनापासून शिकवी. फेसाखाली तळवा कसा धरायचा, दाणे बोटांना कसे लागले म्हणजे अमाइन बरोबर पडतंय, फेस पातळ आणि चकचकीत दिसला तर काय समजायचं. दोन वर्षांत तिला फेस वाचता येऊ लागला. घरी गेल्यावर आई तिला ओसरीतच अंगावरचे कपडे उतरवायला लावे, "आधी तो वास बाहेर ठेव, मग ये आत!" तरी ती खुशीत असे. पाळीची प्रमुख व्हायचं तिच्या मनात होतं आणि ती झालीही असती.

आता सांगते.

सत्याहत्तर सालचा फेब्रुवारी. थंडी शून्याखाली पस्तीस. शेजारच्या गावात कर्लिंगची, म्हणजे बर्फावर जड दगड सरकवायच्या खेळाची, मोठी स्पर्धा होती आणि वुइको आपल्या संघाचा कप्तान. बुधवारी त्याने मला बुडवलं, पाच फूट भरलं. गुरुवारी तो स्पर्धेला गेला. त्या दिवशी मला कोणी बुडवलं नाही, हात लावायची बंदीच होती ना! फळाही कोणीतरी झाडलोटीत पुसून टाकला. शुक्रवारी दुपारी दोन सामन्यांच्या मधे वुइको धावत आला. बाहेर गाडी सुरू, साथीदार भोंगा वाजवतायत. त्याने मला भिंतीवरून काढलं आणि टाकीत घातलं.

पुसलं नाही.

मी गारठलेली होते. अंगाला लागलेलं ताजं अमाइन वर येता येताच थिजलं, आणि बुधवारचं तर थिजलेलं होतंच. दोन्ही सारखीच पांढरी. खरी ओल तीन फुटांवर होती. बुधवारची जाड खूण पाच फुटांवर होती. वुइकोची नजर पाचावर गेली. रोज फूटभर अमाइन खर्ची पडे; आज तीनच असायला हवं हे त्याच्या मनात आलंच नाही, की बुधवारचं पाच आठवत होतं, देव जाणे. डोक्यात तर सगळा कर्लिंगचा दगड! त्याने फळ्यावर पाच लिहिलं आणि पळाला.

चाराच्या खाली गेलं की लगेच टँकर मागवायचा, असा नेम होता. पाच आहे म्हटल्यावर कोणी मागवला नाही. मित्रांनो, मी लाकूड आहे. मला तोंड नाही. पण खोटं माझ्याच अंगावरून वाचलं गेलं, हे मी कसं विसरू?

शनिवारीही वुइको स्पर्धेतच होता, मला कोणी शिवलं नाही. रविवारी हिमवादळ उठलं. रस्ते बुजले. इर्माची पाळी गिरणीतच अडकली, बदली माणूस येईना. सलग एकोणीस तास ती उभी होती. सोमवारी दुपारी पंपाचा आवाज बदलला. टाकी कोरडी. फेस पाहता पाहता विरला आणि लाल दाणे मिठाबरोबर तळाला बसू लागले. तिने क्षणात ओळखलं आणि गिरणी थांबवली. पण थांबलेली गिरणी गार पडली, पाइपांत खारं पाणी निवलं, आणि मिठाचे खडे बसून सगळे पाइप तुंबले. ते फोडून काढायला आठ दिवस लागले.

मंगळवारी बर्फ उपसणाऱ्या गाडीमागून वुइको आला. पहिला माझ्याकडे. त्याने मला उजेडात धरलं. पाच फुटांवर एक खूण, तीन फुटांवर दुसरी. कोणाही शहाण्या माणसाला एका नजरेत कळलं असतं. वुइको फार वेळ बघत राहिला. मग "अरे देवा" एवढंच म्हणाला, बादलीतलं फडकं पिळलं आणि मला वरपासून खालपर्यंत स्वच्छ पुसलं.

ज्या दिवशी पुसायचं त्या दिवशी पुसलं नाही, आणि ज्या दिवशी पुसायचं नव्हतं त्या दिवशी पुसलं. इतकं निगुतीने त्याने मला आयुष्यात कधी पुसलं नव्हतं. मला शरम वाटली, आणि ती आजवर गेलेली नाही.

तासाभराने चौकशी झाली. पाळ्यांचा मुकादम लॉर्न म्हणून होता, आडव्या अंगाचा, हसरा आणि जिभेचा तिखट. तो म्हणाला, "शुक्रवारी पाच होतं. दोन फूट अमाइन काय पंख फुटून उडालं? पोरगी एकोणीस तास उभी होती, डोळा लागला असेल, नळ जास्त उघडा राहिला असेल."

"माझा डोळा लागला नव्हता," इर्मा म्हणाली. "फेस बदलला असता तर मला दिसलं नसतं? वुइको, तुम्ही सांगा ना यांना! शुक्रवारी खरंच पाच होतं?"

वुइको बुटांकडे बघत म्हणाला, "फळ्यावर आहे ना, पोरी."

तो खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. फळ्यावर पाचच होतं. त्याला वाटलं असेल, चार शब्द बोलतील नि सोडून देतील. तसं झालं नाही. इर्माला फेसावरून काढलं आणि गाड्या भरायच्या शेडमध्ये पाठवलं. तिथे खतावर तेल आणि अमाइनचा फवारा मारायचा, ढेकळं होऊ नयेत म्हणून. म्हणजे वास तोच आणि मान नाही. त्यात लॉर्नने गावाला एक थट्टा शिकवली. दुकानात, चर्चच्या पायरीवर, कर्लिंगच्या मैदानात, ती दिसली की कोणीतरी म्हणेच, "काय इर्मा, नळ बंद केलास ना?" आणि सगळे हसत. पहिली काही वर्षं ती उलट उत्तर देई. पुढे पुढे तीही हसू लागली. ते हसणं मला कर्लिंगच्या गर्दीतून परतलेल्या लोकांच्या तोंडून नकलेत ऐकू येई आणि मी भिंतीवर नुसती टांगलेली.

वुइकोने त्यानंतर एकही दिवस मला न पुसता बुडवलं नाही. दोनदा पुसे, तीनदा पुसे. लोक म्हणत, "बघा, माणूस असावा तर असा!"

अकरा वर्षांनी तो निवृत्त झाला. गिरणीने जेवण दिलं आणि भेट काय दिली असेल? मलाच. घासूनपुसून, मधोमध पितळेची पाटी ठोकून: ‘ऑरेस्ट ह्रिन्चुक. ज्याचं माप कधी चुकलं नाही.’ टाळ्या पडल्या. वुइकोचा चेहरा बघून सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. त्याने मला घरी नेलं नाही. "सभागृहातच राहू दे," म्हणाला. माझ्याबरोबर एका छपराखाली झोपायची त्याची छाती नव्हती, असं मला वाटतं.

मित्रांनो, इथे एक गोष्ट झाली ती कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. माझ्या रंध्रारंध्रात वीसेक वर्षांचं अमाइन मुरलेलं. महिन्याभरात पाटीच्या कडा हिरव्या पडल्या. वुइको आला, स्टुलावर चढला, पाटी घासून लख्ख केली. पुन्हा हिरवी. पुन्हा घासली. दोन वर्षं हे चाललं. मी मुद्दाम केलं नाही. पण थांबवता आलं असतं तरी मी थांबवलं नसतं.

मग शरदातलं गावजेवण आलं. तुम्ही दरवर्षी जेवता तेच, टर्कीचं. दुपारी बायका सैपाकघरात होत्या आणि इर्मा बाहेर, या इथे, बादलीभर बटाटे सोलत बसली होती. वुइको स्टुलावर चढून पाटी घासत होता.

"पुन्हा हिरवी?" इर्माने विचारलं.

"मेल्यांनी स्वस्तातलं पितळ आणलंय."

"पितळाला कशाला बोल लावता? माझं कडं काढायला लावलंत ते विसरलात?" बटाट्यावरून डोळे न काढता ती म्हणाली. "काठीच्या पोटात अमाइन आहे, वुइको. तुम्ही जन्मभर पुसलंत तरी ते बाहेर येणारच."

तिला काहीच माहीत नव्हतं. ती आपली पितळाबद्दल बोलत होती. पण वुइकोचा हात थांबला. तो स्टुलावरून उतरला, आणि त्याच स्टुलावर मटकन बसला.

"पोरी, त्या दिवशी काठीवर दोन खुणा होत्या."

"कुठल्या दिवशी?"

"वादळानंतर. एक पाचावर, एक तीनावर. शुक्रवारी मी पुसल्याशिवाय बुडवली होती. टाकीत तीनच होतं. तुझा नळ बरोबर होता."

सुरी थांबली. "दोन खुणा तुम्ही बघितल्यात?"

"बघितल्या."

"आणि?"

"पुसल्या."

 इर्माने अर्धा सोललेला बटाटा बादलीत टाकला. "माझी आई गेली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, चूक कोणाच्याही हातून होते बाळ, मी तुला कधी बोलले नाही. ती मला माफ करून गेली, वुइको. कशाची माफी? सांगा ना, कशाची?"

वुइको रडत होता. "तू म्हणशील ते करतो. पाया पडतो तुझ्या."

"माझ्या पाया पडून काय होणार? मी नळ उघडा ठेवला नव्हता, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा." आणि तिने दुसरा बटाटा उचलला.

संध्याकाळी सभागृह भरलं. कोबीच्या पानातले भाताचे मुटके, टर्की, लोणच्याची बीटं, भोपळ्याची गोड पाई, सगळं मांडलं होतं. लॉर्न ताट घेऊन इर्माच्या पुढून गेला आणि सवयीने म्हणाला, "रश्शाचा नळ बंद केलास ना, इर्मा?" चारजण हसले.

वुइको उभा राहिला. आवाज साफ होता. शुक्रवार सांगितला, स्पर्धा सांगितली, न पुसलेली काठी सांगितली. मग पुसलेली काठी सांगितली. ती सांगताना मात्र त्याला दोनदा थांबावं लागलं.

"वुइको, मस्करी करताय काय?" लॉर्न म्हणाला.

"मस्करी तेरा वर्षं चालली होती, लॉर्न. आता मी खरं बोलतोय."

 लॉर्नने ताट ठेवलं, आणि इर्माकडे बघायचं त्याला काही केल्या जमेना. इर्मा उठली, सैपाकघरातून स्क्रू पिळायचं हत्यार घेऊन आली आणि तिने मला भिंतीवरून उतरवून उभी धरली. स्क्रूची डोकी आतून हिरवी होऊन खाल्लेली होती. तिने जरा जोर केला आणि ती भुगा होऊन पडली. पाटी खाली आदळली. ती उचलायला कोणी वाकलं नाही. मग तिने बीटाच्या लोणच्यातल्या व्हिनेगारमध्ये रुमाल बुडवला आणि मला वरपासून खालपर्यंत पुसलं. माझ्या अंगावर गुलाबी डाग पडले. ते अजून आहेत, बघा.

"बसा आता, वुइको," ती म्हणाली. "जेवण गार होतंय."

तिने त्याला माफ केलं का, मला ठाऊक नाही. पुढे वुइको असेपर्यंत दरवर्षी दोघं गावजेवणाला आली आणि वेगवेगळ्या टेबलांवर बसली. गिरणीने तिला फेसावर परत बोलावलं. ती गेली, आणि पहिल्याच दिवशी तिने अ‍ॅल्युमिनियमची नवी काठी आणि एक वही मागवली. भिंतीवर लिहिलं, ‘काठीला प्रत्येकाने हात लावायचा.’

मला आडवी टांगलेली होती ती तिनेच उभी केली. म्हणाली, "पोरांना उंची मोजायला होईल." म्हणून तुम्ही माझ्या अंगाला पाठ लावता, टाचा उंचावता (दिसतं मला!), आणि आई डोक्यावर खडूने रेघ मारते. माझ्या मधोमध दोन भोकं आहेत, त्यांत तुम्ही बोटं घालता. ती कसली, ते आता तुम्हाला कळलं.

शेजारी खिळ्याला फडकं आहे, ते इर्माने ठेवलंय. मित्रांनो, एवढं ऐका माझं. कालची खूण पुसल्याशिवाय आजचं माप घेऊ नका. आणि घाईत घेतलंच, चुकलंच, दुसऱ्या कोणावर बालंट आलंच, तर मग त्या फडक्याला हात लावू नका. दोन्ही खुणा तशाच राहू द्या आणि मला उजेडात धरून सगळ्यांना दाखवा.